माशांचा आठवडा

आमच्या कॉलेजात कुणाच्या निबंधाचा संदर्भ बाहेरच्या कुणी दिला, की स्टाफरूममध्ये पेढे येत. कंदी पेढे आले तर संदर्भ परदेशातला, साधे आले तर शेजारच्या जिल्ह्यातला, एवढं आम्हाला पेढ्यांवरूनच कळे. सरांच्या बाबतीत ती बातमी घेऊन मलाच त्यांच्या खोलीत जावं लागे. ते सूक्ष्मदर्शकावरचं डोकं न उचलता विचारत, "वाचून की न वाचून?"

मी बारामतीच्या त्या कॉलेजात ग्रंथपाल. पूर्वी माझं काम पुस्तकं देण्याघेण्याचं होतं. मग विद्यार्थी पुस्तकं न्यायचे थांबले, आणि त्याच सुमारास वरच्या लोकांना प्राध्यापकांचे आकडे हवेसे झाले. कुणाचे किती निबंध छापून आले, त्यांचा उल्लेख पुढे किती जणांनी आपल्या निबंधात केला, यावरून एक निर्देशांक काढायचा. आमच्या भागात हे समजावून सांगायला कष्ट पडत नाहीत. उसाला उतारा असतो, तसा प्राध्यापकाला निर्देशांक. ऊस किती टन घातला ते राहू द्या, साखर किती निघाली ते बोला. फरक एवढाच, की कारखान्यात साखर चिमूटभर तोंडात टाकून बघता येते.

सर प्राणिशास्त्राचे. माशांच्या मेंदूवर काम करत. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम गळणारं. हातात स्टीलचा चहाचा पेला, जो ते घरून आणत, कारण कॅन्टीनच्या कपाचा कान त्यांच्या बोटाला बसत नसे. मूळचे कुठल्या तरी मोठ्या शहरातले. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी विहिरीवरच्या मोटरीचं बटण दाबलं नसेल. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. त्यांच्या निबंधाचा कुणी उल्लेख केला, की ते त्या माणसाला पत्र पाठवत. पत्रात आभार नसत, एकच प्रश्न असे. "माझ्या निबंधातल्या तिसऱ्या तक्त्यात माशांना खायला काय दिलं होतं?" उत्तर बरोबर आलं की वहीत नावापुढे "वाचून". उत्तर आलंच नाही तर सहा महिने थांबून "न वाचून". वहीची पहिली काही पानं मी एकदा चाळली. "न वाचून"ची रांग अशी लागली होती, जशी आमच्या तळमजल्यावरच्या नळापाशी बादल्यांची लागते.

"एवढे लोक न वाचताच संदर्भ देतात?" मी विचारलं.

"मॅडम, लग्नात सगळेच अक्षता टाकतात," सर म्हणाले. "नवरीचं नाव किती जणांना माहीत असतं?"

आमच्याकडे ज्यांचे आकडे चांगले होते त्यांची रीत वेगळी होती. सत्काराला आपण टॉवेल-टोपी घालतो, समोरचा आपल्या सत्काराला आपल्याला घालतो, कधीकधी तीच टोपी. तसे आमच्यातले पाच जण एकमेकांच्या निबंधांना एकमेकांचे संदर्भ घालत. त्यांनी सरांनाही निमंत्रण दिलं होतं. सरांनी पाचही जणांचे निबंध नेले, खरोखर वाचले, आणि प्रत्येकाला सातआठ शंका लिहून परत केले. त्यानंतर निमंत्रण आलं नाही.

शंका हा सरांचा जीव होता. शंका कुणाची आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. एकदा आम्ही कॉलेजच्या कामानं इंदापूरला जाऊन येताना भिगवणला जेवायला थांबलो. धरणाच्या फुगवट्यातला ताजा मासा मिळतो, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना हॉटेलं आहेत. सरांनी चिलापी मागवली, डोक्याचा भाग नीट सोलला, दात कोरायच्या काडीनं आतून हरभऱ्याच्या डाळीएवढं काहीतरी काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. वाढपी बघतच राहिला.

"हा मेंदू," सर त्याला म्हणाले. "यात आठवण असते."

"काय सांगताय! आठवण आसती तर जाळ्यात घावला आसता व्हय?"

"तुमच्या हॉटेलासमोरचा खड्डा किती दिवसांचा आहे?"

"दोन वर्सं झाली की."

"रोज गाडी आपटते?"

"रोज!" वाढपी हसला. मग शेजारची थाळी उचलता उचलता म्हणाला, "पर सर, ह्यो तुमच्या ताटात मरून पडलाय. मंग ती आठवण आता कुठं गेली?"

सरांचा घास हातात राहिला. बारामती येईपर्यंत त्यांनी तो प्रश्न तीनदा मला म्हणून दाखवला. आल्यावर म्हणाले, "या वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न." वहीच्या मागच्या पानावर त्यांनी तो लिहून ठेवला, तारीख घालून, हॉटेलच्या नावासकट.

आता त्यांच्या गाजलेल्या निबंधाबद्दल. कॉलेजच्या बोअरचं पाणी खारं, त्यात मासे टिकेनात. म्हणून सरांनी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला तात्या म्हणून एक ऊसवाले शेतकरी आहेत, त्यांच्या शेतात विटांच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची शेड घेतली आणि तिथं सिमेंटच्या टाक्या बांधल्या. मासे झोपलेत की जागे, याच्या खुणा दर तासाला करायच्या. ते काम तात्यांच्या घरातली माणसं पाळीनं करत. सगळ्यात नेमकं करत त्या तात्यांच्या पत्नी, शालनवहिनी. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण कागदावरची त्यांची एकही खूण कधी चौकटीबाहेर गेली नाही. दर गुरुवारी त्या एका कॅनमध्ये पाच मासे घेऊन एसटीनं बारामतीला येत. एका कंडक्टरनं त्यांना माशांचं अर्धं तिकीट मागितलं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, "पाच वर्साच्या आतलं हायेत समदे." कॉलेजातल्या खोलीत सर त्या माशांच्या मेंदूच्या पातळ चकत्या काढत आणि काचपट्टीवर बघत, की मेंदूचा कुठला भाग जागा होता.

माशाच्या मेंदूला दिवस-रात्र कळते हे जगाला ठाऊक होतंच. सरांच्या निबंधात असं निघालं, की त्याला आठवडाही कळतो. सातांतल्या तीन रात्री मासे गाढ झोपत, चार रात्री अस्वस्थ असत, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा तेच. सरांनी चंद्राच्या कला तपासल्या, पाण्याचं तापमान तपासलं, हवेचा दाब तपासला. गावच्या आठवडे बाजाराचा गलबलाटसुद्धा हिशेबातून वजा केला. वीज जाते म्हणून शेडमधल्या दिव्याला बॅटरी लावली. मग निबंध बाहेरच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला आणि लोक त्यावर तुटून पडले. निद्रातज्ज्ञांनी संदर्भ दिले, मानसशास्त्रज्ञांनी दिले. एका व्यवस्थापनाच्या प्राध्यापकानं त्या आधारे कर्मचाऱ्यांना सुट्टी कुठल्या वारी द्यावी हे सिद्ध केलं. त्याला सरांनी पत्रात एक जादा प्रश्न विचारला होता. "आपल्या कर्मचाऱ्यांना कल्ले आहेत काय?"

त्या निबंधातला आलेख, तीन दिवस खाली आणि चार दिवस वर जाणारी रेघ, सरांनी चौकट करून खोलीत लावला होता. जो येईल त्याला ते तो दाखवत. शिपाई, पोस्टमन, गॅस घेऊन आलेला माणूस. "बघा आणि एक शंका काढा. शंका निघाली नाही तर आलेख वाईट आहे." गुरुवारी मात्र चौकटीचं तोंड भिंतीकडे असे. पुष्कळ दिवस मला वाटे, सरांचा गुरुवार असेल. मग कळलं, त्या दिवशी वहिनी येतात. जी माणसं खुणा करतात त्यांना निष्कर्ष दाखवायचा नाही, नाहीतर डोळे पाहिजे तेच बघायला लागतात, असा संशोधनातला नियम आहे. नियम चांगला आहे. सरांनी तो इतका काटेकोर पाळला, की सगळ्या बारामतीनं तो आलेख पाहिला आणि वरकुट्यातल्या त्या एका घरानं पाहिला नाही.

सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना त्या खोलीवर गदा आली. तळमजल्यावरची, उत्तरेच्या उजेडाची, सहा कपाटं काचपट्ट्यांनी भरलेली खोली. प्राचार्यांना तिथे पाहुण्यांसाठी वातानुकूलित सभागृह हवं होतं. खोली वाचायला एकच वाट होती. तिला संशोधन केंद्र म्हणून मान्यता मिळाली पाहिजे, आणि मान्यतेला प्रमुखाचा निर्देशांक ठराविक रेषेच्या वर पाहिजे. मी यादी केली. सर रेषेच्या जेमतेम वर होते. त्यांनी निबंध थोडे लिहिले होते, कारण एकेक गोष्ट ते तीनतीनदा करून बघत. जवळजवळ सगळे संदर्भ त्या आठवड्याच्या निबंधाचे, आणि त्याच्याच जोरावर पुढे आलेल्या दोनचार छोट्या निबंधांचे. तेवढे सोडले तर जे उरत, त्यापेक्षा जास्त माणसं आमच्या पार्किंगमध्ये एका वेळी भांडत असत.

"म्हणजे खोली राहते?" सरांनी विचारलं.

"समिती सोमवारी येते. आकडा बसतो. राहते."

त्यांनी एका कपाटाच्या काचेवरून बाही फिरवली. "तीन वर्षांत एवढं बघून होईल," ते म्हणाले. सरांच्या तोंडून मी स्वतःसाठी काही मागताना ऐकलेलं हे एवढंच.

प्राचार्य एकदा आकडा बसतो म्हटल्यावर उत्साहात आले. बारामतीत कुणी निवडून आलं, कुणाचा मुलगा दहावी झाला, कुणाचा बैल शर्यतीत पहिला आला, की फ्लेक्स लागतो. मेंदूवरच्या निबंधाचा फ्लेक्स मात्र पहिलाच असावा. फाटकावर, वीस फूट रुंद. वर "आंतरराष्ट्रीय कीर्तीचे", खाली प्राचार्यांचा मोठा आणि सरांचा छोटा फोटो, मधोमध तो आलेख, वारांची नावं मराठीत. मासा म्हणून फ्लेक्सवाल्यानं डॉल्फिन टाकला होता. सर बराच वेळ बघून म्हणाले, "सस्तन प्राणी आहे. पण खूश दिसतोय, राहू दे." त्यांची चिंता वेगळी होती. गुरुवारी हा भिंतीकडे कसा वळवायचा? प्राचार्य म्हणाले, "सर, फ्लेक्सला पदर घालू का आता?" शेवटी सरांनी वरकुट्याला निरोप धाडला, की या गुरुवारी येऊ नका.

म्हणून वहिनी बुधवारी आल्या.

मी फाटकापाशी भाजीवाल्याकडून मेथी घेत होते. वहिनी कॅन खाली ठेवून, मान वर करून उभ्या होत्या.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "आमच्या लाइटीचा कागद हितं कशापायी लावलाय?"

"लाइटीचा नाही वहिनी. हे सरांचं संशोधन आहे. माशांच्या झोपेचं."

"आसंल. पर बगा की." त्यांनी बोट केलं. "सोमवार, मंगळवार, बुधवार रेघ खाली. लाईट दिसाची. बेस्तरवारपास्नं ऐतवारपतोर रेघ वर. लाईट रातची. आमचा फिडर ह्योच हाय."

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. मी वडगाव निंबाळकरची, शेतकऱ्याच्या घरची. शेतीच्या मोटरीला लागणारी वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री सोडतात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. माझा भाऊ जन्मभर त्याच वेळापत्रकानं उठत आणि झोपत आला आहे. तो आलेख मी किती वर्षं पाहत होते. पण कॉलेजात आल्यावर शेतातलं आठवायचं नाही अशी मला सवय लागली होती. ती कधी लागली ते मलाही कळलं नव्हतं.

"वहिनी, मोटरीचं पाणी कुठं पडतं तुमच्या?"

"हौदात. शेडाच्या भितीला लागूनच हाय न्हवं. आटो बसवलाय, लाईट आली की मोटर आपसूक चालू. आसं धो धो पडतंय, की आमची म्हातारी झोपंत शिव्या देती."

"वहिनी," मी आवाज खाली आणला, "हे सरांना एवढ्यात सांगू नका. सोमवारचा दिवस जाऊ द्या."

"का वो? वंगाळ हाय का काय त्यात?"

तेवढ्यात हातात पेला घेऊन सर चहाला बाहेर आले. वहिनींना फ्लेक्सखाली बघून जागीच थांबले. आधी वाटलं, नियम मोडला म्हणून चिडतील. ते म्हणाले, "पाहिलाच आहे, तर एक शंका काढा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मेथीकडे पाहिलं. मग त्यांनी सगळं सरांना सांगितलं.

सर अजिबात चिडले नाहीत. हौद आणि टाक्या यांच्यातली भिंत किती जाड? "चार बोटं." मोटरीला ऑटो कधी बसवला? "मासं यायच्या आदीपास्नं हाय." मग जरा थांबून विचारलं, "वार कधी बदलले होते का?"

"बदललं की मदी. दिवाळीनंतर. तवा सोमवारपास्नं रातची झाली, माघापतोर."

सरांनी डोळे मिटले. मला म्हणाले, "परिच्छेद सहावा." त्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं, की हिवाळ्यात माशांचा आठवडा सरकतो, आणि त्याचं कारण ऋतुमान असावं. त्या परिच्छेदाला वेगळे संदर्भ मिळाले होते.

"वहिनी, इतक्या वर्षांत हे मला का नाही सांगितलं?"

"तुमी कवा इचारलंत? आन् लाइटीचं काय सांगायचं सर, ते तर समद्यास्नी म्हाईत आसतंय."

सरांनी हातातला चहाचा पेला वहिनींच्या हातात दिला. तो पेला त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेला मी तोवर पाहिला नव्हता.

त्याच दुपारी ते वहिनींबरोबर एसटीनं वरकुट्याला गेले. वहिनींच्या घरात मागच्या सगळ्या वर्षांच्या दिनदर्शिका खिळ्याला लटकवलेल्या होत्या, आणि त्यांवर विजेच्या पाळ्या निळ्या पेनानं लिहिलेल्या होत्या. सरांनी त्या माशांच्या खुणांशेजारी ठेवल्या. मग तात्यांना विनंती केली, दोन रात्री ऑटो बंद ठेवा. तात्या म्हणाले, "सर, ऊस वाळंल." मग म्हणाले, "बरं, दोनच." शुक्रवारी सकाळी सरांचा मला फोन आला. ताप उतरलेल्या लेकराबद्दल आई बोलते तसा आवाज. "झोपले, मॅडम! गुरुवार असून झोपले! हे घड्याळ नाहीच. ते भिंतीपलीकडचं पाणी ऐकतायत. कशानं ऐकत असतील? कानानं, की अंगावर पाण्याचा कंप टिपणारी जी रेष असते, तिनं?"

त्यांची सगळ्यात मोठी कमाई दोन दिवसांत बुडाली होती, आणि हा माणूस आनंदानं विचारत होता की कशानं ऐकत असतील.

शनिवारी मी त्यांच्या खोलीत गेले. नियतकालिकाला पाठवायचं पत्र लिहून तयार होतं. निबंध चुकीचा आहे, मागे घेतो आहे, कारण अमुक.

"सर, मंगळवारी पाठवा," मी म्हणाले. "तीन दिवसांनी माशांचं काय बिघडतं?"

"माशांचं काहीच नाही. पण सोमवारी यादी तुम्ही वाचून दाखवणार. पहिल्या ओळीत जे आहे ते खोटं आहे हे आपल्याला दोघांना माहीत असणार. तेव्हा तुमचा आवाज कसा येईल, ते मला ऐकायचं नाही."

"खोली जाईल, सर."

"हं," ते म्हणाले, आणि कपाटांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पत्र पाठवलं. बटण दाबलं त्यांनी, पण नजर अजून कपाटांवर होती, म्हणून योग्य जागी बाण मी नेऊन दिला.

सोमवारी समिती आली. तिघे जण. फाटकावर लेझीम झालं, फेटे बांधले, औक्षण झालं. मेंदूच्या चकत्या बघायला तीन फेटेवाले त्या खोलीत शिरले, तेव्हा सूक्ष्मदर्शकात डोळा घालताना एकेकाचा फेटा सुटायचा. अध्यक्ष भारदस्त होते. आकडे त्यांनी आधीच पाहिले होते.

"सर, आपला हा निबंध म्हणजे मैलाचा दगड," ते म्हणाले. "मी स्वतः माझ्या लेखनात त्याचा संदर्भ दिलेला आहे."

"हो का?" सरांचा चेहरा उजळला. त्यांनी खणातून वही काढली, पानं उलटली. "हो, आहात. मी पत्र पाठवलं होतं."

"असेल, असेल. फार व्याप असतो."

"तुम्ही 'न वाचून'मध्ये आहात."

प्राचार्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. तेवढ्या वेळात सरांनी फ्लेक्सवरच्या रेघेपासून हौदापर्यंत सगळं सांगितलं. वहिनींची निळ्या पेनाची दिनदर्शिका टेबलावर पसरली. शेवटी म्हणाले, "आणि यात नवीन असं सापडलं आहे, की हा मासा चार बोटं जाडीच्या भिंतीतून पाणी ओळखतो. हे कुणी पाहिलेलं नाही. ते बघायला मला ही खोली हवी आहे."

अध्यक्षांनी दिनदर्शिकेची दोनचार पानं उलटली. माणूस वाईट नव्हता. फेटा सावरून सौम्यपणे म्हणाले, "सर, निबंध मागे घेतल्याचं नियतकालिकात अजून प्रसिद्ध झालेलं नाही ना? मग आजच्या तारखेला, नोंदीप्रमाणे, आकडा कायम आहे. आम्ही नोंद बघतो. आपण बोललात ते आम्ही ऐकलं नाही असं समजा."

खोलीत सगळे एकदम सुटल्यासारखे झाले. प्राचार्यांचा खोकला थांबला. मीही, खरं सांगते, मनात म्हणाले, सर, आता गप्प बसा. नुसतं गप्प बसा.

"तसं कसं समजता येईल?" सर म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मासे आठवडा मोजत नाहीत. तुम्ही आकडा धरलात, तर ते मोजायला लागतील का?"

मग त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, गळक्या पेनानं तिच्यावरची पहिली ओळ खोडली आणि अध्यक्षांच्या हातात दिली. शाईचा डाग अध्यक्षांच्या अंगठ्याला लागला, तो समिती जेवायला बसली तरी गेला नव्हता.

खोली गेली. काचपट्ट्यांची सहा कपाटं उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गाद्यांवर आडवी ठेवून वरकुट्याला नेली. सर ट्रॉलीत कपाटांपाशी उभे होते. वाटेत दिसणाऱ्या माणसांना वाटलं असेल, बदली झाली. सभागृह झालं. त्याच्या दारावर "संशोधन दालन" अशी पितळी पाटी आहे. आत मी आजवर दोन निरोप समारंभ आणि एक हळदीकुंकू पाहिलं आहे. फ्लेक्स काही महिने तसाच होता. मग वहिनींनीच तो मागून नेला. आता तो पत्र्याची धग लागू नये म्हणून टाक्यांवर ताणलेला आहे, छापलेली बाजू खाली. मासे वर बघत असतील, तर रोज त्यांना डॉल्फिन दिसतो आणि प्राचार्य दिसतात.

सर निवृत्त होऊन पुष्कळ दिवस झाले. ते आठवड्यातले चार दिवस शेडमध्येच असतात. चूक काय झाली आणि ती कशी कळली, यावर त्यांनी दोन पानांचं टिपण छापलं. पहिलं नाव वहिनींचं, दुसरं सरांचं. नियतकालिकानं विचारलं, पहिल्या लेखिकेची संस्था कोणती? सरांनी लिहिलं, "वरकुटे." पदवी? सरांनी लिहिलेलं उत्तर जरा उद्धट होतं. मी ते खोडून "शेती" लिहिलं.

गंमत अशी, की मागे घेतलेल्या त्या निबंधाचे संदर्भ थांबलेले नाहीत. लोक अजून देतात. तीच "न वाचून"ची रांग. टिपणाला मात्र कुणी हात लावत नव्हतं. मी दर महिन्याला बघायचे. शून्य. ते शून्य बघायची मला सवय झाली होती. परवा तिथे एक दिसला. मी कंदी पेढे घेतले आणि एसटीनं वरकुट्याला गेले.

शेडमध्ये सर टाकीच्या भिंतीला कान लावून बसले होते. वहिनी कडब्याची पेंढी सोडत होत्या. मी बातमी सांगितली. सरांनी मान वळवली, पण त्यांचा नेहमीचा प्रश्न काही आला नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तिचंच पत्र आलंय, मी विचारायच्या आत. लांबची कुणी मुलगी आहे, उंदरांवर काम करते. तिचे उंदीर ठराविक दोन दिवशी बिथरायचे. तिला वाटलं, मेंदूतलं काही सापडलं. मग आपलं टिपण वाचलं आणि तिनं पहिल्यांदाच तिथल्या झाडूवाल्याला विचारलं. त्या दोन दिवशी तो पिंजऱ्यांखालून पाणी मारून धुवायचा."

त्यांनी वही काढली, पण नोंद स्वतः केली नाही. वही आणि पेन वहिनींपुढे धरलं. "पहिलं नाव तुमचं आहे. तुम्ही लिहा."

वहिनींनी पदराला हात पुसले, वही गुडघ्यावर घेतली आणि गोल, मोठ्या अक्षरात लिहिलं, "वाचून". अक्षर चौकटीत बसलं. लिहून झाल्यावर पेन परत देताना त्या थांबल्या.

"सर, त्या पोरीनं त्याला इचारलं ते लई बरं केलं," त्या म्हणाल्या. "पर त्या झाडणाऱ्याचं नाव घातलं का तिनं?"

सरांनी खिशातलं पत्र काढून पुन्हा पाहिलं. पत्रात नाव नव्हतं.

"ते विचारायचं राहिलंच," सर म्हणाले, आणि पेढा तसाच हातात धरून कोरा कागद शोधू लागले.